विषय एक, वर्गांक अनेक : आंतरविद्याशाखीय संशोधन आणि ग्रंथालयाची तालिका

१

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक विधान बहुधा ठरलेले असते : 'प्रस्तुत विषयावर मराठीत आजवर संशोधन झालेले नाही.' हे विधान वरवर साधे दिसत असले, तरी त्यातील दावा मोठा आहे. नसलेपण सिद्ध करणे हे असलेपण सिद्ध करण्याहून नेहमीच कठीण असते. या दाव्याला आधार कोणता, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, 'ग्रंथालयाची तालिका पाहिली. तीत काही आढळले नाही.' म्हणजे संशोधनाच्या प्रयोजनाचा सगळा भार अखेर तालिका पाहण्याच्या एका कृतीवर पडतो. ही कृती कशी करावी, याचा विचार मात्र आपल्या संशोधनपद्धतीच्या चर्चेत फारसा केला जात नाही.

साहित्याचा अभ्यास साहित्याच्या कपाटापुरता राहिला असता, तर ही उणीव एक वेळ चालली असती. परंतु आज आपले विद्यार्थी रोगराई, दुष्काळ, कायदा, शेती, मानसशास्त्र, पर्यावरण यांच्याशी साहित्याचा असलेला संबंध शोधू लागले आहेत. अशा विषयांची साधने वैद्यकात, प्रशासनात, इतिहासात आणि साहित्यात विखुरलेली असतात. तालिकेची रचना मात्र विद्याशाखांच्या आधाराने झालेली असते. या दोहोंतील विसंगती ध्यानात घेऊन शोध कसा घ्यावा, हे एका उदाहरणाच्या साहाय्याने मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. 'इ. स. १८९६ नंतरचा प्लेग आणि मराठी लेखन' हा विषय त्यासाठी निवडला आहे.

२

मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडील बहुसंख्य महाविद्यालयीन ग्रंथालये आजही तिच्या आधारे ग्रंथ लावतात. या पद्धतीत ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग आहेत. कोणताही ग्रंथ प्रथम एका विद्याशाखेत बसवला जातो आणि मग त्याचा विषय पाहिला जातो. 'प्लेग' या वस्तूला या पद्धतीत एकच घर नाही. रोग म्हणून तो ६१६ मध्ये, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ६१४ मध्ये, त्यासंबंधीचा कायदा ३४० च्या वर्गात, रुग्णसेवा ३६२ मध्ये, मरीआईच्या उपासनेचा लोकसाहित्यातील भाग ३९८ मध्ये, तर मुंबई-पुण्याच्या इतिहासातील घटना म्हणून तो ९५४ मध्ये जातो. ड्यूई यांनी वर्गीकरणाला सापेक्ष निर्देशसूची जोडली, ती याच अडचणीवरील उपाय म्हणून. कपाटात विखुरलेला विषय निर्देशसूचीत एका शब्दाखाली गोळा होतो. वर्गांकांच्या मागे धावण्यापूर्वी ही सूची पाहण्याची सवय अभ्यासकांनी लावून घेतली पाहिजे.

साहित्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३ असे उपविभाग होतात. म्हणजे ललित कृतीचे वर्गीकरण भाषा आणि वाङ्मयप्रकार यांच्या आधारे होते. तिच्यातील आशयवस्तूचा त्याच्याशी संबंध नसतो. एखाद्या कादंबरीतील निम्मी प्रकरणे प्लेगच्या छावणीत घडत असली, तरी तिचा वर्गांक ८९१.४६३ हाच राहणार, आणि 'प्लेग' या विषयशीर्षकाखाली तिची नोंद बहुधा असणार नाही. साहित्याच्या संशोधकाने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. विषयशीर्षकाखाली ललित कृती न सापडणे हा वर्गीकरणाच्या नियमाचा परिणाम असतो. त्यावरून साहित्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

चरित्रे व आत्मचरित्रे यांची स्थितीही अशीच आहे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना त्याच रोगाने निवर्तल्या. पुण्यातील प्लेगमुळे धोंडो केशव कर्वे यांचा आश्रम १९०० मध्ये हिंगण्यास हलला. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये प्लेगच्या दिवसांचे वर्णन येते. ही सर्व साधने आपल्या विषयाची आहेत; पण तालिका ती चरित्र, शिक्षण किंवा साहित्य या सदरांत दाखवते. ती सापडायची, तर शोध विषयाच्या शब्दावरून न करता त्या काळातील आणि त्या स्थळातील व्यक्तींच्या नावांवरून करावा लागतो.

३

विद्याशाखांच्या भिंतीमुळे ज्ञान कसे दडून राहते, याचे बोलके उदाहरण विज्ञानाच्या क्षेत्रात आहे. शिकागो विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये दोन वेगळ्या वैद्यकीय लेखसमूहांची सांगड घातली. माशांच्या तेलाने रक्ताची घनता आणि रक्तबिंबिकांची चिकटण्याची प्रवृत्ती कमी होते, असे आहारविषयक लेखांत नोंदवलेले होते. रेनॉच्या विकारात बोटांचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि रुग्णांच्या रक्तात हेच दोन दोष आढळतात, असे त्या विकारावरील लेखांत नोंदवलेले होते. दोन्ही समूहांतील लेखक मात्र परस्परांचा हवाला देत नव्हते. माशांच्या तेलाचा या विकारात उपयोग व्हावा, हा तर्क स्वॉन्सन यांनी केवळ छापील वाङ्मयाच्या शोधातून मांडला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत प्राथमिक स्वरूपाचा विकार असलेल्या रुग्णांच्या बाबतीत त्याला पुष्टी मिळाली.

स्वॉन्सन वैद्य नव्हते आणि त्यांनी कोणताही प्रयोग केला नव्हता. त्यांनी केले ते इतकेच, की एका विषयाच्या कपाटातून दुसऱ्या विषयाच्या कपाटाकडे नेणारा मधला दुवा शोधला. 'प्रकट परंतु न गवसलेले ज्ञान' अशी त्यांची कल्पना थोडक्यात सांगता येईल. आपल्या विषयातही असे मधले दुवे असतात. 'प्लेग' आणि 'साहित्य' हे दोनच शब्द घेऊन बसणाऱ्या अभ्यासकाला ते दिसत नाहीत. 'विलगीकरण', 'घरझडती', 'छावणी', 'टोचणी', 'स्थलांतर' हे शब्द हाती घेतले, की वैद्यकीय अहवाल आणि आत्मचरित्र एकमेकांशेजारी येऊन बसतात.

४

येथे डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा विचार उपयोगी पडतो. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचा गाभा असा, की संयुक्त विषयाला तयार चौकटीत न कोंबता त्याचे पैलू वेगळे करावेत. व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ असे पाच मूलभूत पैलू त्यांनी मानले. आपल्या ग्रंथालयात द्विबिंदू पद्धती नसली, तरी शोधाची आखणी करताना ही दृष्टी स्वीकारता येते.

आपला विषय या रीतीने उलगडून पाहू. केंद्रस्थानी असलेला विषय : प्लेगचा रोग आणि रोगी. द्रव्य : लस, औषधे, जंतुनाशके. क्रिया : तपासणी, विलगीकरण, टोचणी, पलायन, शोक. स्थळ : मुंबई, पुणे, नगर. काळ : १८९६ पासून पुढे. प्रत्येक पैलूखाली त्या त्या विद्याशाखेतील शब्द लिहून काढावेत. एकाच पैलूतील पर्यायी शब्द 'किंवा'ने जोडावेत, निरनिराळे पैलू 'आणि'ने जोडावेत. संगणकीय तालिकेतील प्रगत शोध याच तत्त्वावर चालतो. सर्व पैलू एकदम जोडले तर नोंदी फार थोड्या मिळतात. म्हणून आरंभी दोनच पैलू जोडून पाहावेत आणि मग तिसरा घालावा. 'वगळून' या पर्यायाचा वापर मात्र जपून करावा. नको असलेल्या नोंदींबरोबर हवी असलेली एखादी नोंदही त्याने नाहीशी होते.

५

शब्दांची यादी करताना काळाचे भान सुटता कामा नये. एकाच रोगाला मराठीत 'प्लेग', 'ग्रंथिक ज्वर', 'ग्रंथिक सन्निपात', 'मरी', 'महामारी' अशी नावे आढळतात. वैद्यकातही नाव स्थिर नाही. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधलेला जंतू विसाव्या शतकात दीर्घकाळ 'पाश्चुरेला पेस्टिस' म्हणून ओळखला जात होता. आज त्याला 'येर्सिनिया पेस्टिस' म्हणतात. आजच्या नावाने शोध घेणाऱ्याला जुने लेख त्या नावाखाली मिळणार नाहीत.

संस्थांची नावेही बदलतात, आणि सरकारी अहवालांची नोंद तर संस्थेच्या नावाखालीच होते. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगप्रतिबंधक लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या परळ येथील प्रयोगशाळेचे नाव १८९९ मध्ये 'प्लेग रिसर्च लॅबोरेटरी', १९०६ मध्ये 'बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' आणि १९२५ मध्ये 'हाफकिन इन्स्टिट्यूट' असे झाले. गॅटेकर यांचा १८९७ चा मुंबईच्या प्लेगवरील अहवाल आणि कॅम्बेल यांचा १८९८ चा अहवाल ही मूलभूत साधने आहेत. परंतु त्यांची नोंद व्यक्तीच्या नावाखाली, 'बॉम्बे प्लेग कमिटी'खाली किंवा मुंबई शासनाच्या जुन्या नावाखालीही असू शकते. तालिकेतील 'पाहा' आणि 'हेही पाहा' या संदर्भनोंदी अशाच वेळी कामाला येतात. त्या ओलांडून पुढे जाऊ नये.

ग्रंथाच्या शीर्षकावर विसंबणेही धोक्याचे असते. डेव्हिड अर्नोल्ड यांच्या 'कॉलनायझिंग द बॉडी' (१९९३) या ग्रंथात प्लेगवर स्वतंत्र प्रकरण आहे. शीर्षकात वा उपशीर्षकात तो शब्द नाही. असा एक ग्रंथ सापडला, की त्याच्या नोंदीतील विषयशीर्षके उतरवून घ्यावीत आणि त्यांवरून पुन्हा शोध घ्यावा. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे जाण्याची ही रीत अंदाजाने शब्द बदलत राहण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. ग्रंथातील संदर्भांवरून मागे आणि त्या ग्रंथाचा हवाला देणाऱ्या लेखांवरून पुढे जाणे, हा तिचाच विस्तार होय.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत लिपी आणि लेखन यांची अडचण वेगळीच आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या शीर्षकांत 'भाषेंतील', 'नवें' अशी सानुस्वार रूपे असतात. तालिकाकाराने ती जशीच्या तशी नोंदवलेली असतील, तर आजच्या लेखनाने टंकलेला शब्द यंत्राला जुळत नाही. परदेशी ग्रंथालयांत मराठी नावे रोमन लिप्यंतराने असतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या पद्धतीत शब्दान्तीचा 'अ' लिहिला जातो आणि 'च' साठी केवळ 'सी' हे अक्षर योजले जाते. त्यामुळे 'चिपळूणकर' हे नाव आपल्या अंदाजाप्रमाणे 'सी-एच'ने सुरू होत नाही आणि 'र'वर संपतही नाही.

६

येथे एक शंका घेतली जाईल. आज 'शोधगंगा'वर प्रबंध उपलब्ध आहेत, 'इन्फ्लिबनेट'च्या संघतालिकेत अनेक विद्यापीठांच्या नोंदी एकत्र पाहता येतात, ग्रंथाच्या आतील मजकुरातही शब्द शोधता येतो; मग वर्गांक आणि विषयशीर्षके यांचा एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर असे, की यंत्र दिलेला शब्द शोधते. न सुचलेला शब्द ते सहसा सुचवीत नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांचा बराच मोठा भाग आजही यंत्राच्या शोधकक्षेबाहेर आहे. त्यासाठी शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांचे भाग आणि नियतकालिकांची सूची हाताळण्याला पर्याय नाही. दाते यांच्या सूचीत विषयवार वर्गीकरण असल्याने तेथेही वैद्यक, इतिहास, चरित्र आणि ललित वाङ्मय ही सदरे स्वतंत्रपणे पाहावी लागतात. साधन बदलले तरी पैलू उलगडण्याचे काम अभ्यासकाकडेच राहते.

७

या विवेचनातून एक व्यावहारिक सूचना निघते. प्रबंधाच्या परिशिष्टात 'शोधनोंद' द्यावी. कोणत्या तालिका व सूची पाहिल्या, कोणत्या तारखेस पाहिल्या, कोणते शब्द व कोणते वर्गांक घेतले, कोणता कालखंड तपासला, याची ती दोन पानी नोंद असावी. विज्ञानाच्या काही शाखांत, विशेषतः वैद्यकातील पद्धतशीर आढाव्यांत, अशी नोंद अनिवार्य मानली जाते. आपल्याकडे तिची प्रथा पडली, तर मार्गदर्शकाला शोधातील उणीव वेळीच दाखवता येईल, परीक्षकाला दाव्याची मर्यादा कळेल आणि नंतरच्या अभ्यासकाला तोच रस्ता पुन्हा पहिल्यापासून चालावा लागणार नाही.

मग 'संशोधन झालेले नाही' या विधानाच्या जागी 'अमुक सूचींत, अमुक शब्दांखाली, अमुक काळापर्यंत असे संशोधन आढळले नाही' हे विधान येईल. ते कमी भारदस्त वाटेल. पण ते तपासता येईल, आणि उद्या एखाद्याने ते खोडून काढले, तरी त्यातून विषय पुढेच जाईल. पूर्वसूरींनी केलेले काम झालेच नाही असे लिहिणे हा त्यांच्यावरील अन्याय आहे, आणि तो बहुधा हेतुपूर्वक होत नाही. कपाटांची एक ओळ पाहून परत फिरल्याने होतो. साहित्याचा विद्यार्थी ८९१.४६ पासून ६१४ पर्यंत चालत गेला, तर तो टाळता येण्याजोगा आहे.