बोट तिच्याकडेच का?

मी इंग्रजी साहित्य शिकवते आणि राहते जुन्या जालन्यात. नॅथॅनियल हॉथॉर्नची 1850 सालची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी वर्गात शिकवताना, गल्लीतल्या बायकांची दुखणी ऐकताना, काही गोष्टी पक्क्या पटल्या.

१. चव्हाट्यावर आणलं की दोघांचं पाप एकटीच्या माथी बसतं.
कादंबरीत बॉस्टनचे कर्मठ प्युरिटन ख्रिस्ती लोक हेस्टर प्रिनला तान्ह्या लेकीसह चौथऱ्यावर उभं करतात. छातीवर व्यभिचाराची खूण म्हणून लाल अक्षर. मुलीचा बाप आहे धर्मगुरू डिम्सडेल. आणि भर सभेत बापाचं नाव सांग म्हणून तिला विनवायला तोच उभा राहतो! आमच्याकडे पोरगी पळून गेली की तिच्या आईला पाण्याच्या टाकीपाशीही तोंड वर करता येत नाही. पोराच्या आईला मात्र कुणी हटकत नाही.

२. ‘पुरुषाचं काय?’ हे विचारायला परदेशी पुस्तक लागत नाही.
शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्येच ते विचारलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला 1881 मध्ये नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सडेतोड उत्तर दिलं. माझ्या विद्यार्थिनींना मी हॉथॉर्नच्या आधी ताराबाई वाचायला देते.

३. बदनामीच्या धाकानं पाप थांबत नाही, जीव जातात.
पुण्यात काशीबाई नावाची विधवा स्वयंपाकाची कामं करून पोट भरत होती. शेजारच्या शास्त्र्यापासून ती गरोदर राहिली. लोकलाजेपायी तिनं बाळाला मारलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला धाडलं गेलं. ही हकिगत जोतीराव फुल्यांनीच लिहून ठेवली आहे.

४. चौकशी न करता उघडणारं एक दार हवं.
फुले दांपत्यानं 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. गुप्तता राखणं ही तिथं दया होती.

५. प्रत्येक गुपिताची जात वेगळी.
हेस्टर गप्प राहते ती दुसऱ्याला वाचवायला. डिम्सडेल गप्प राहतो तो मान टिकवायला, आणि सात वर्षं आतून झिजतो. म्हणून बाईनं विश्वासानं सांगितलेलं मी पोटात ठेवते. पण गप्प बसल्यानं अत्याचार करणारा मोकाट सुटत असेल, तर तिला वकिलाकडे घेऊन जाते.

६. वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे.
महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंचांनी कुणाचं जेवणखाण, लग्नकार्य बंद केलं तर पोलिसांत जाता येतं, हे घरोघरी सांगायला हवं.

७. बदनामीला आपल्या हातूनच हातभार लागतो.
आजचा चौथरा आपल्या मोबाइलमध्ये आहे. कुणा मुलीचा फोटो आला तर पुढे पाठवू नका. तिच्या घरी जा, जेवली का विचारा, आणि चार लोकांदेखत तिच्याशी बोला.