एक स्टँड, तीन झुले

शेताच्या बांधावर झाडाला बांधलेली बाळाची झोळी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तिची दोन्ही टोकं एकाच फांदीला, त्यामुळे भार सरळ खाली. हॅमॉक, म्हणजे दोन टोकांना बांधलेला झुला, दिसायला तिचाच थोरला भाऊ. पण त्याचं मेकॅनिक्स वेगळं. तो आधारांना खाली ओढतो आणि एकमेकांकडेही ओढतो. दोन दणकट झाडं असली की प्रश्न मिटला. पण शिबिराचं मैदान, हॉस्टेलची गच्ची किंवा कोकणातला कातळसडा, जिथे झाड नाही आणि खुंटीही ठोकता येत नाही, तिथे काय करायचं? त्यासाठी मी तीन झुल्यांचा, सुटा करून नेता येणारा स्टँड डिझाइन केला. त्याची ही कृती, कारणांसकट.

आधी ताण समजून घेऊ

झोपणाऱ्याचं वजन ७०० न्यूटन (साधारण ७० किलो) धरू. दोरी आडव्या रेषेशी जो कोन करते, त्यावर सगळा खेळ आहे. ताण = वजन ÷ (२ × साइन कोन). कोन ४५ अंश असेल तर ताण ४९५ न्यूटन, ३० अंशाला बरोबर ७००, आणि १० अंशाला तब्बल २००० च्या वर! म्हणजे झुला जितका ‘टाइट’ बांधाल तितकी दोरी तुटायची तयारी करेल. म्हणून ३० अंश पक्के धरा. आधार ३ मीटर अंतरावर असतील तर कापड आणि दोरी मिळून लांबी सुमारे ३.४६ मीटर हवी; झुला मध्यभागी ८७ सेंमी खाली येतो. यात प्रत्येक टोकाला आडवी ओढ ६०६ न्यूटन.

सगळे झोपलेले असतात तेव्हा नाही, एक उठतो तेव्हा

पहिली कल्पना बहुतेकांना सुचते ती अशी: मध्ये एक खांब आणि तीन दिशांना तीन झुले. कागदावर छान वाटतं. १२० अंशांवरच्या तीन समान ओढी एकमेकींना खाऊन टाकतात, बेरीज शून्य. पण रात्री दोन वाजता एकजण पाणी प्यायला उठला की उरलेल्या दोघांची बेरीज पुन्हा ६०६ न्यूटन, तीही खांबाच्या शेंड्यावर! उरलेले दोघे झोपेत असतात. झुल्यातून माणूस दीड-दोन फुटांवरूनच पडेल, पण वरून लोखंडी खांब अंगावर आला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून झुले त्रिकोणाच्या तीन बाजूंना टांगायचे. प्रत्येक झुल्याच्या बरोबर वर ३ मीटरची आडवी दांडी. झुला दोन कोपऱ्यांना आत ओढतो, दांडी त्यांना तेवढ्याच जोराने बाहेर रेटते. हिशोब जागच्या जागी मिटतो. शेजारचा उठला काय, झोपला काय, फरक नाही. पायांवर फक्त उभा भार येतो.

साहित्य

२५ मिमी नॉमिनल बोअरचा मध्यम जाडीचा जीआय पाइप घ्या (बाहेरचा व्यास ३३.७ मिमी, जाडी ३.२). ऑयलरचं सूत्र लावलं तर ३ मीटरची दांडी सुमारे ७९०० न्यूटनला बकल होते. आपला दाब ६०६. धपकन बसलं तर भार दुप्पट होतो (सडनली अप्लाइड लोड आठवा!), तरी १२१२. भरपूर मार्जिन आहे.

दांडी दीड-दीड मीटरच्या दोन तुकड्यांत करा. जोडाला आतून २० मिमी बोअरचा पाइप, ४० सेंमी लांब. त्याचा बाहेरचा व्यास २६.९ आणि मोठ्या पाइपचा आतला २७.३, त्यामुळे तो नेमका बसतो. फक्त आतली वेल्डची शीर कानशीने घासून काढा. कोपऱ्याला ६ मिमीची प्लेट आणि तिला वेल्ड केलेले चार खुंट: दोन दांड्यांसाठी, दोन पायांसाठी. हूक दांडीच्या अक्षाला जितका जवळ तितका बरा, नाहीतर दांडी विनाकारण वाकते. प्रत्येक जोडात आरपार बोल्ट हवाच. दोरी पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन जास्त ताणतो आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते.

एकूण पाइप सुमारे १९ मीटर, वजन ४६ किलोच्या आसपास. तिघे झोपणार, तिघांनी उचलायचं!

पाय कुठल्या दिशेला?

खरी गंमत इथे आहे. प्रत्येक कोपऱ्याला दोन पाय, इंग्रजी ‘ए’सारखे फाकवलेले. ते त्रिकोणाच्या मध्यबिंदूच्या दिशेने फाकवले तर तिन्ही जोड्यांच्या रेषा मध्यात मिळतात, आणि अख्खा स्टँड बरणीच्या झाकणासारखा गोल फिरू शकतो. म्हणून पाय त्या दिशेला काटकोनात फाकवा. आता रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, फिरणं बंद. टांगण्याची उंची १.५ मीटर असेल तर दोन पावलांत १.५ मीटर अंतर ठेवा आणि पावलं एकमेकांना साखळीने बांधा, म्हणजे गुळगुळीत फरशीवरही ती फाकणार नाहीत.

या रचनेत पावलं झुल्याच्या रेषेच्या ६५ सेंमी बाहेर पडतात. स्टँडचं स्वतःचं वजन सोडून दिलं तर झुला बाहेरच्या बाजूला सुमारे २३ अंश गेला की उलटायची वेळ येते. तेव्हा यात झोपायचं, झोके घ्यायचे नाहीत.

वापरण्यापूर्वी

सपाट जागेवर स्टँड उभा करा आणि फक्त एकाच झुल्यात वाळूची ५० किलोची तीन पोती रात्रभर ठेवा. बाकीचे दोन रिकामे. सकाळी बोल्ट, वेल्ड आणि गाठी तपासा. मग हेच उरलेल्या दोन झुल्यांना. तिन्ही झुले एकदम भरून केलेली चाचणी पुरेशी नाही, कारण सगळं समतोल असताना कच्चे दुवे लपून राहतात.

एसओएमच्या पेपरात डायग्राम सिमेट्रिकल असला की आपण खूश होतो, अर्धं गणित वाचतं. पण वस्तू वापरणारी माणसं सिमेट्रीने झोपत नाहीत. स्टँड असो की पूल, कोण कधी उठून जाईल याचा हिशोब आधी करा. मग खुशाल ताणून द्या!