इंच तोच, चेन वेगळी

फेब्रुवारी ते मे आमच्या ड्रमला उसंत नसते. शिजवून वाळवलेली हळद आत टाकायची, झाकण आवळायचं आणि मोटार चालू करायची. हळकुंडावर हळकुंड घासतं, काळपट साल उडते आणि पिवळाधमक माल बाहेर येतो. सांगलीच्या सौद्यात पॉलिश कच्चं राहिलं की दर पडतोच, म्हणून हंगामात शेतकरी रात्री अकराला पण ट्रॉली घेऊन दारात उभे असतात. अशा वेळी ड्रम बंद पडला, तर मालक म्हणून तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आमच्या ड्रमची रचना साधी आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटार, गिअरबॉक्स, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर १७ दातांचं स्प्रॉकेट, ड्रमवर ५७ दातांचं आणि दोघांवर एक इंची चेन. एका वर्षी मार्चमध्ये चेन दातांवरून घसरायला लागली. बघितलं तर लहान स्प्रॉकेटचे दात विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले. झिजतं ते लहानच आधी, कारण मोठं एक फेरा घेतं तेवढ्यात त्याचे तीनावर फेरे होतात.

मी जुनं स्प्रॉकेट काढलंसुद्धा नाही. दात मोजले, शाफ्ट मोजला आणि चिठ्ठीवर लिहिलं: ‘एक इंच, १७ दात, ४० बोर, १२ ची चावी’. चिठ्ठी पोराच्या हाती देऊन त्याला बाजारात पाठवलं. संध्याकाळी तो चकचकीत स्प्रॉकेट घेऊन आला. बसवायला घेतलं तर दात चेनमध्ये शिरेचनात. पुढून दाबलं, मागून दाबलं, लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “एक इंची ती एक इंचीच की वो. नवीन हाय, बसंल.”

त्या रात्री तीन ट्रॉल्या दारात होत्या. मी ग्राइंडर घेतला आणि सतराच्या सतरा दात दोन्ही बाजूंनी अंदाजानं तासले. चेन बसली, ड्रम फिरला आणि स्वतःच्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं. आठव्या रात्री चेन तुटली. तुटलेलं टोक सपकन सुटलं आणि पत्र्याच्या भिंतीत खोक पाडून गेलं. गार्ड मी तेल घालायला सोपं म्हणून काढून ठेवला होता. गोणी धरणारा माणूस तेव्हा तंबाखू मळायला बाहेर गेला होता. एरवी त्याच्या तंबाखूवर मी ओरडायचो.

तुटलेली चेन एका जुन्या टर्नरकडे नेली. त्यानं व्हर्निअर लावला आणि विचारलं, “ही ८० नंबरची चेन. स्प्रॉकेट १६-बीचं कुणी दिलं?”

एक इंची चेन दोन घराण्यांची असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ब्रिटिश मापात नंबर सोळांशात असतो, अगदी आपल्या आण्यांसारखा: ०८-बी म्हणजे आठ आणे इंच, १२-बी बारा आणे आणि १६-बी पुरा रुपया. अमेरिकन मापात पहिला आकडा अष्टमांश इंचाचा असतो, म्हणून ४०, ६०, ८०. १६-बी आणि ८० या दोन्हींचा पिच, म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर, २५.४ मिलिमीटर आणि रोलरही सारखाच, १५.८८ चा. फरक आतल्या रुंदीत आहे. १६-बी चेन आतून १७.०२ मिलिमीटर, तर ८० ची १५.७५. १६-बी स्प्रॉकेटचा दात जवळपास १६.२ जाड असतो, मग तो ८० च्या चेनमध्ये जाणार कुठून? अर्धा इंची चेनीत घोळ वेगळा आहे. तिथे ०८-बीचा रोलर ८.५१ आणि ४० चा ७.९२, त्यामुळे चाक अमेरिकन आणि चेन ब्रिटिश असली की रोलर दाताच्या बुडाशी टेकतच नाही. म्हणजे नुसता पिच सांगून स्प्रॉकेट मागणं हे नुसता नंबर सांगून चप्पल आणण्यापेक्षाही वाईट. चप्पल निदान बदलून मिळते.

आता मी बाजारात जाताना चेनचा हातभर तुकडा पिशवीत टाकतो. स्प्रॉकेट चेन बघून घ्यायचं असतं, जुनं स्प्रॉकेट बघून नव्हे, कारण जुन्यावर झीज सोडून काही वाचता येत नाही. नंबर बहुतेक चेनच्या पट्टीवर कोरलेला असतो. आमच्यासारख्यांच्या चेनवर मात्र वंगण आणि हळदीची पूड मिळून असा लेप चढतो, की नवरीला हळद लावलीय असं वाटावं. तो आधी डिझेलनं धुवून काढायचा. आणि त्यावर पुन्हा ग्रीस फासायचं नाही, पातळ तेल पट्ट्यांच्या फटीत सोडायचं. ग्रीस वरच बसतं आणि पिन कोरडी राहते.

टर्नरनं दुसरी गोष्ट दाखवली ती फुटपट्टीनं. एक इंची चेन ताणून धरली की बारा कड्या बरोबर एक फूट भरायला हव्यात. माझ्या बारा कड्या फुटाच्या वर पाव इंचाहून जास्त गेल्या होत्या. साधारण दोन टक्के ताण आला की चेन बदलायची आणि तो पाव इंच म्हणजे तेवढाच. वाढलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर दाताच्या वरच्या अंगाला चढून बसते आणि त्याचेही दात लवकर खाते. चुकीचं चाक तर मी घेतलंच होतं, पण बरोबरचं घेतलं असतं तरी या चेननं त्याची वाट लावली असती. म्हणून चेन गेली असेल तर लहान स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदलावी. मोठ्याचे दात धड असतील तर ते राहू द्यावं.

बाजारात हमखास ऐकायला मिळतं, “१७ नाही, १३ न्या, काय फरक पडतोय?” फरक पडतो. माझा ड्रम पाऊणपट वेगानं फिरेल आणि तीन तासांचं पॉलिश चार तासांवर जाईल. शिवाय दात कमी तेवढी चेन हिसक्यानं चालते: १७ दातांवर वेगातली चढउतार पावणेदोन टक्क्यांच्या आत असते, १३ वर ती तीनच्या घरात जाते. सतराच्या खाली नाइलाज असेल तरच उतरावं. दात विषम आणि चेनच्या कड्या सम असल्या की त्याच दातावर तीच कडी फिरून फिरून येत नाही, झीज वाटली जाते. कड्या विषम भरल्या तर हाफ लिंक घालावी लागते आणि चेन तुटायची तर तिथेच तुटते. त्यापेक्षा मोटारीचा पाया थोडा सरकवावा.

दात हार्डन केलेले आहेत का, हे विचारून घ्या. जुनी कानस दातावर फिरवून बघितलं तरी कळतं: सरकून गेली तर दात कडक, चावली तर मऊ. मी ग्राइंडर मारला तेव्हा तो माल लोण्यासारखा तासला जात होता. तिथेच थांबायला हवं होतं.

बोर टर्नरकडून शाफ्टच्या मापानं करून घ्यावा. चावी ढिली असेल तर पत्र्याची कपची घालू नये. बसवल्यावर दोन्ही चाकांच्या तोंडाला दोरी ताणून ती एका रेषेत आहेत ना, ते बघावं. दोन शाफ्टांत मीटरभर अंतर असेल तर चेनची सैल बाजू मधोमध दोनेक सेंटिमीटर हलायला हवी.

एका जुन्या युक्तीबद्दलही सांगतो, कारण ती मला कुणी वेळेवर सांगितली नाही. स्प्रॉकेटचा हब दोन्ही बाजूंना सारखा असेल तर झिजलेलं चाक उलटं करून बसवता येतं, म्हणजे दाताची न झिजलेली बाजू कामाला येते. त्या मार्चमध्ये अर्ध्या तासात एवढं केलं असतं, तर त्या तीन ट्रॉल्या निघाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी मला शांतपणे बाजारात जाता आलं असतं. माझ्या जुन्या स्प्रॉकेटचा हब दोन्हीकडे सारखाच होता. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवताना ते लक्षात आलं.