दाट पडदा आणि बारीक अक्षर

छापखान्यात अक्षराचे माप पॉइंटात मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने १२ पॉइंटाचा खिळा उचलला, की तो कागदावर केवढा उमटणार हे ठरलेलेच असे. खिळा धातूचा, तो यंत्रागणिक लहानमोठा कसा होणार? संगणकाच्या पडद्यावर मात्र हा भरवसा राहिलेला नाही. तेच १० पॉइंटाचे अक्षर एका लॅपटॉपवर सहज वाचता येते आणि दुसऱ्यावर मुंगीएवढे दिसते. हा दुसरा लॅपटॉप बहुधा अधिक महागाचा आणि अधिक चांगल्या पडद्याचा असतो, ही त्यातली गंमत. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण विशेष भेडसावते, आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना तर थोडी अधिकच. ती का येते आणि तिच्यावर उपाय काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पडदा हा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका इंचात किती पिक्सेल बसतात यावरून पडद्याची घनता ठरते. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला सुमारे ७२ पिक्सेल होते, म्हणजे एक पॉइंट बरोबर एक पिक्सेल. हिशेब सरळ होता. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ९६ हा आकडा धरला. पडदा हा कागदापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक अंतरावरून वाचला जातो, तेव्हा अक्षरही तेवढे मोठे हवे, असा त्यामागचा विचार. पुढे हा ९६ सगळीकडे रुळला. लिनक्सवरील एक्स विंडो पद्धतही प्रत्यक्ष पडदा कसाही असो, साधारणतः ९६ च सांगते.

आता थोडे गणित करू. ९६ च्या हिशेबाने १० पॉइंटाचे अक्षर सुमारे १३ पिक्सेलांत बसते. १४ इंची पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ पिक्सेल असतील, तर घनता इंचाला ११२ च्या आसपास येते आणि या १३ पिक्सेलांची उंची ३ मिलिमीटर भरते. तेवढ्याच पडद्यावर १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतील, तर ती २ मिलिमीटरांवर येते. आणि १३.३ इंचांत ३८४० गुणिले २१६० पिक्सेल कोंबलेले असतील, तर घनता ३३१ होते व उंची उरते अवघी १ मिलिमीटर. ही उंची संपूर्ण खिळ्याची. वरची वेलांटी व खालचा उकार वजा केल्यावर अक्षराच्या अंगाला काय उरत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यावर पुष्कळजण जो पहिला उपाय करतात तो चुकीचा असतो. पडद्याचे रिझोल्यूशनच कमी करून टाकायचे, की सगळे मोठे दिसते. दिसते खरे, पण धूसर. कारण पडद्यावरचे ठिपके तेवढेच राहतात आणि कमी ठिपक्यांचे चित्र त्यांच्यावर ताणून बसवावे लागते. चांगल्या पडद्यासाठी मोजलेले पैसे असे वाया जातात. दुसरा चुकीचा उपाय याहून महागात पडतो. लिब्रेऑफिसमध्ये प्रबंध लिहिताना अक्षर दिसत नाही म्हणून विद्यार्थी त्याचा आकारच २० किंवा २४ पॉइंट करतो आणि छापून आल्यावर ६० पानांचा प्रबंध दीडशे पानांचा झालेला आढळतो. पानाचा आकार डोळ्यांसाठी वाढवायचा असेल, तर झूम वाढवावा. पॉइंट हे कागदासाठी असतात. झूमने वरच्या याद्या व चिन्हे मात्र मोठी होत नाहीत. त्यांच्यासाठी मुळाशीच जावे लागते.

मूळ उपाय म्हणजे स्केलिंग. प्रत्येक वस्तू किती पटींनी मोठी काढायची हे संगणकाला सांगायचे. दुप्पट करायची असेल तर काम सोपे असते. एका पिक्सेलाची रेघ दोन पिक्सेलांची होते आणि तिच्या कडा स्वच्छ राहतात. ॲपलने २०१२ साली आपल्या मॅकबुक प्रोवर इंचाला २२० पिक्सेलांचा पडदा आणला तेव्हा हीच दुप्पट वापरली. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपने २०१३ मध्ये ३.१० या आवृत्तीपासून हा मार्ग स्वीकारला. म्हणजे ३८४० पिक्सेलांच्या पडद्याची सोय बऱ्यापैकी लवकर झाली.

खरी पंचाईत आहे ती मधल्या पडद्यांची. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या हाती जे १४ इंची, १९२० पिक्सेलांचे लॅपटॉप असतात त्यांना एकपट कमी पडते आणि दुप्पट फार होते. हवी असते दीडपट. पण दीड पिक्सेलाची रेघ काढणार कशी? ठिपका अर्धा पेटत नाही. ग्नोमने २०१९ साली ३.३२ मध्ये प्रयोग म्हणून जी युक्ती आणली ती अशी: आधी सर्व काही दुप्पट आकारात काढायचे आणि मग ते आटवून पडद्यावर बसवायचे. या पडद्यासाठी प्रथम २५६० गुणिले १४४० चे चित्र तयार होते व नंतर ते १९२० गुणिले १०८० मध्ये दाबले जाते. काम पावणेदोन पटीहून जरासे अधिक वाढते, बॅटरी लवकर उतरते आणि अक्षरांच्या कडा किंचित मऊ होतात. इंग्रजी अक्षरांना हे खपून जाते. आपल्या अक्षरांना तितकेसे खपत नाही.

येथे देवनागरीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. रोमन अक्षर बहुतेक आपल्या अंगातच संपते. आपले अक्षर शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार वाहते आणि खाली उकार, ऋकार व जोडाक्षराचे शेपूट. तेवढ्याच पॉइंटात हे सारे बसवायचे म्हणून अंग मुळातच लहान ठेवावे लागते. १३ पिक्सेलांत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखणे कठीण होते. ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांचेही तेच. ‘राष्ट्र’ आणि ‘उद्ध्वस्त’ या शब्दांत तर नुसता काळा डाग दिसतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला भेद तर सर्वस्वी एका छोट्या रेघेवर अवलंबून आहे. मुद्रिते तपासणाऱ्याच्या नजरेतून ती निसटली, तर विद्वानाच्या जागी स्वयंपाकी येऊन बसतो. दाट पडद्याचे खरे वरदान म्हणूनच आपल्याला आहे. तेच अक्षर २६ पिक्सेलांत काढले, की प्रत्येक काना-मात्रा सुटी दिसते. मात्र त्यासाठी स्केलिंग नीट लावलेले हवे.

मधल्या पडद्यासाठी माझ्या मते सर्वांत कमी त्रासाचा मार्ग म्हणजे स्केल एकपटच ठेवून केवळ अक्षरे वाढवणे. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या सदराखाली ‘लार्ज टेक्स्ट’ ही खूण आहे. ती केली की अक्षरे सव्वापट होतात. याहून बारकाईने हवे असेल, तर ‘ट्वीक्स’ या आज्ञावलीत फाँटच्या पानावर हवा तो आकडा देता येतो. चिन्हे लहानच राहतात, पण वाचायची असतात ती अक्षरे. एक्सएफसीईमध्ये ‘अपिअरन्स’मधील फाँटच्या पानावर डीपीआय ९६ ऐवजी १२० किंवा १४४ लिहावा. फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी फाँट व त्याचा किमान आकार स्वतंत्रपणे ठरवता येतो. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

अपूर्णांकाच्या पटीचा प्रश्न अलीकडे बराचसा सुटला आहे तो वेलँडमुळे. एक्स ही पद्धत १९८४ साली एमआयटीत जन्मली. तिची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये वेलँडचे काम सुरू झाले. २०२२ च्या अखेरीस वेलँडमध्ये असा करार आला, की पडद्याची पट डेस्कटॉपने आज्ञावलीला थेट सांगावी आणि तिने नेमक्या त्याच आकारात चित्र काढून द्यावे. मग आटवणे नको आणि धूसरपणाही नको. ही पट १२० च्या भागांत सांगतात. दीडपट म्हणजे १८०, सव्वापट म्हणजे १५०. केडीईच्या प्लाझ्मा ५.२७ या २०२३ च्या आवृत्तीत ही सोय आली. प्रत्येक पडद्याला वेगळी पट देता येते, हा दुसरा लाभ. एक्समध्ये अक्षरांचा डीपीआय साऱ्या पडद्यांना मिळून एकच. त्यामुळे लॅपटॉप सभागृहातील प्रोजेक्टरला जोडला, की एकीकडे ठीक दिसणारे दुसरीकडे अक्राळविक्राळ होते. परिसंवादात निबंध वाचणाऱ्याने हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

वेलँडवरही जुन्या, एक्ससाठी लिहिलेल्या आज्ञावल्या मधल्या दुभाष्यामार्फत चालतात आणि पुष्कळदा लहान काढून ताणल्या जातात. एखादीच खिडकी धूसर दिसत असेल, तर हेच कारण असण्याचा संभव फार. ओळखण्याची गमतीची रीत अशी: एक्सआईज ही डोळ्यांच्या जोडीची आज्ञावली सुरू करावी. बाण ज्या खिडकीवर नेल्यावर ते डोळे हलतात ती खिडकी एक्सची. डोळे थिजले तर वेलँडची. प्लाझ्मा ५.२६ पासून अशा जुन्या आज्ञावल्यांना स्वतःचा आकार स्वतः वाढवू देण्याचा पर्याय आहे.

एखाद्याच आज्ञावलीला पट सांगायची असेल, तर ती सुरू करताना एक चल द्यावा लागतो. जीटीके ३ वर बांधलेल्यांसाठी ‘जीडीके स्केल’ आणि क्यूटी ५ व ६ वर बांधलेल्यांसाठी ‘क्यूटी स्केल फॅक्टर’. दोन्ही नावे रोमन मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अधोरेषा देऊन लिहावीत. पहिल्याला पूर्णांकच चालतो, दुसऱ्याला दीडही चालतो. डीपीआय आधीच १९२ केलेला असताना जीडीके स्केलही दोन दिला, तर अक्षरे चौपट होतात. तेव्हा ‘जीडीके डीपीआय स्केल’ ०.५ देऊन ती परत निम्मी करावी लागतात. जीटीके २ च्या आज्ञावल्यांना मात्र ही भाषा कळतच नाही. त्यांची अक्षरे डीपीआयने वाढतात, चिन्हे वाढत नाहीत. चित्रे काढण्याची गिंप ही प्रसिद्ध आज्ञावली अनेक वर्षे याच कारणाने दाट पडद्यावर अडचणीची होती. मार्च २०२५ मध्ये तिची ३.० ही आवृत्ती जीटीके ३ वर आली. ज्यांच्याकडे अजून २.१० असेल त्यांनी तिच्या पसंतीच्या पानावर चिन्हांचा आकार तेवढा मोठा करून घ्यावा.