ऑपरेशननंतरचे पांढरे घट्ट मोजे

प्रश्न : आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिला गुडघ्यापर्यंतचे पांढरे, घट्ट मोजे घालायला सांगितलेत. मे महिन्याच्या उकाड्यात ती ते काढून ठेवते. शेजारच्या काकू म्हणतात, हे तर हत्तीपायाचे मोजे. खरंच त्यांची गरज असते का? (एक वाचक, ब्रह्मपुरी)

उत्तर : काकूंचा गैरसमज समजण्यासारखा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत हत्तीपाय जुनाच, आणि त्या सुजेवरही दाबाचे मोजे वापरतात. पण आईचे मोजे सुजेसाठी नाहीत. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहेत.

चालताना पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात. माणूस पडून राहिला की ते काम थांबतं, रक्त संथ होतं. त्यात ऑपरेशनच्या जखमेमुळे रक्त गोठण्याचा कल वाढलेला असतो. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. मोज्याचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त, साधारण १४ ते १८ मिलिमीटर पारा, आणि वर कमी होत जातो. म्हणूनच घोटा-पोटरीचं माप न घेता आणलेला मोजा किंवा घरी आवळलेली क्रेप पट्टी भरवशाची नाही. मोज्याची वरची कड दुमडली तर तिथेच फास बसतो.

आता गरजेचं. ब्रिटनमधल्या 'गॅप्स' चाचणीत (२०२०) सगळ्या रुग्णांना गुठळी रोखणारं हेपारिनचं इंजेक्शन होतं. निम्म्यांना वर मोजेही. गुठळ्या मोजेवाल्यांत १.४ टक्के, बिनमोजेवाल्यांत १.७ टक्के. म्हणजे इंजेक्शन चालू असेल तर मोज्यांवाचून फारसं अडत नाही. रक्तस्रावाच्या भीतीने ते दिलं नसेल, तर मात्र मोज्यांचं मोल वाढतं. आईच्या बाबतीत काय, ते सर्जनला विचारा. उकाड्यावर सोडू नका. माझ्या मते मोज्यांहून महत्त्वाचं आहे ते तिला रोज उठवून चालवणं आणि भरपूर पाणी पाजणं. 'ऑपरेशन झालंय, हलू नको' हा घरच्यांचा लाड इथे घातक ठरतो.

आपल्या जिल्ह्यांत दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. एक, सिकलसेल. त्यात गुठळीचा धोका वाढतो, नुसत्या वाहकांतही थोडा. कार्ड असेल तर दाखवा. दुसरी, पायाची बधिरता. १९४९पासून वरोऱ्याला आनंदवन उभं आहे ते कुष्ठरुग्णांसाठीच. हा आजार इथून अजून गेलेला नाही. कुष्ठरोगाने किंवा साखरेने बधिर झालेल्या पायाला मोजा काचतोय हे कळतच नाही आणि टाचेला जखम होते. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांनाही हे मोजे चालत नाहीत. बाकीच्यांनीही रोज मोजे काढून टाचा, बोटं, कातडी पाहावी.

धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. हत्तीपायाची सूज महिनोन्‌महिने वाढते. गुठळीची काही तासांत किंवा दिवसांत, बहुधा एकाच पायाला. पोटरी दुखते, गरम लागते. टेपने मोजून ती दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटरहून जाड भरली तर मोहाच्या तेलाने चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली तर लगेच १०८ला फोन करा.