मत, मोहीम आणि ‘श्वास’

प्रस्तावना

चित्रपटाला पुरस्कार मिळतो तो त्याच्या गुणांमुळे, असे आपण सहज म्हणतो. परंतु गुण दिसण्यासाठी आधी कोणीतरी तो चित्रपट पाहावा लागतो आणि पाहणाऱ्याला तेथवर आणण्यास पैसा लागतो. पुरस्कारासाठी केलेल्या प्रचाराचा आणि पुरस्काराचा संबंध नेमका कसा असतो, याचा विचार या पाठात केला आहे. त्यासाठी एका मराठी चित्रपटाचे उदाहरण घेतले आहे. पाठ वाचताना लेखक माहिती कोठे देतो आणि स्वतःचे मत कोठे मांडतो, याकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

२००४ सालच्या दिवाळीत नाशिकमधील शाळकरी मुलांनी पणत्या तयार करून विकल्या आणि जमलेले पैसे एका चित्रपटासाठी दिले. मुंबईत ‘यदाकदाचित’ या नाटकाच्या चमूने आपल्या प्रयोगाच्या उत्पन्नातून ६५,००१ रुपये दिले. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने मदत केली, अमिताभ बच्चन यांनी केली, राज्य शासनानेही हात दिला. हे सारे पैसे चित्रपट तयार करण्यासाठी नव्हते. चित्रपट केव्हाच पूर्ण झाला होता, लोकांनी तो पाहिला होता, डोळे पुसले होते. हे पैसे त्याला अमेरिकेत नेऊन तेथील मतदारांना दाखविण्यासाठी होते.

तो चित्रपट म्हणजे संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग होतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. त्याचे आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी त्याला एकदा हे जग डोळे भरून पाहू देतात. एवढीच कथा. आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे हेच चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक होते. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले आणि नातवाची भूमिका करणाऱ्या अश्विन चितळे यास सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये हा मान लाभला होता. त्यानंतर मराठी चित्रपटाला तो पुन्हा लाभण्यास अर्धे शतक जावे लागले. पुढे फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया या संस्थेने ऑस्करच्या परभाषिक चित्रपट विभागासाठी भारताची प्रवेशिका म्हणून ‘श्वास’ची निवड केली. आनंदाची ही बातमी येताच दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो खर्चाचा होता.

हा खर्च कशाचा, हे समजून घेण्यासाठी ऑस्करची रीत पाहिली पाहिजे. हा पुरस्कार देते ती अमेरिकेतील अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था. दिग्दर्शक, नट, छायाचित्रकार, संकलक, संगीतकार अशी चित्रपटव्यवसायातील मंडळी तिचे सभासद असतात आणि तेच मतदान करतात. त्या काळी सभासदांची संख्या सुमारे सहा हजार होती. आज ती दहा हजारांच्या पुढे गेली आहे. परभाषिक विभागाची रीत तेव्हा थोडी वेगळी होती. इच्छुक सभासदांची एक समिती जगभरातून आलेले चित्रपट चित्रपटगृहात बसून पाही, त्यांना गुण देई आणि त्यांतून पाच चित्रपटांना नामांकन मिळे. त्यानंतरच्या अंतिम फेरीत ज्याने पाचही चित्रपट चित्रपटगृहात पाहिले असतील त्यालाच मत देता येई. २००४ च्या स्पर्धेत सुमारे पन्नास देशांचे चित्रपट होते. इतके चित्रपट पाहण्यास सवड असणारे सभासद बहुधा वयाने ज्येष्ठ आणि निवृत्त असत. अशा वृद्ध गृहस्थाने दूरदेशच्या, अनोळखी भाषेतील, ज्याचे नावही कधी ऐकले नाही अशा चित्रपटासाठी संध्याकाळी घराबाहेर का पडावे? प्रचाराचा सारा खटाटोप या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी चाललेला असतो.

उत्तर देण्याची साधने महाग आहेत. चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकांत पानभर जाहिराती द्याव्या लागतात. ओळखी असणारा अनुभवी प्रचारक नेमावा लागतो. मुख्य खेळाखेरीज आणखी खेळ ठेवण्यासाठी चित्रगृह भाड्याने घ्यावे लागते. दिग्दर्शक आणि नट यांना काही आठवडे, कधी काही महिने लॉस एंजेलिसमध्ये राहावे लागते, म्हणजे समीक्षकांशी, पत्रकारांशी भेटी होतात आणि चित्रपटाचे नाव कानांवर पडत राहते. हे सारे डॉलरमध्ये. त्या वेळी एका डॉलरला सुमारे पंचेचाळीस रुपये पडत. अगदी तुटपुंज्या खर्चात उभ्या राहिलेल्या मराठी चित्रपटाला त्याच्या निर्मितीखर्चाच्या तोडीची रक्कम केवळ प्रचारासाठी उभी करायची होती. म्हणून नाशिकच्या पणत्या.

२५ जानेवारी २००५ रोजी नामांकने जाहीर झाली. पाच नावांत ‘श्वास’ नव्हता. पुरस्कार स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला मिळाला. त्याचे दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार यांचा ‘द अदर्स’ हा इंग्रजी चित्रपट २००१ मध्येच अमेरिकेत गाजला होता आणि त्यातील प्रमुख नट हाविएर बार्देम यांना त्यापूर्वी ऑस्करचे नामांकनही मिळालेले होते. फ्रान्सचा ‘द कोरस’ हा दुसरा नामांकित चित्रपट. त्याच्या पाठीशी अमेरिकेत मिरामॅक्स ही वितरण कंपनी होती. असे असले तरी दक्षिण आफ्रिकेचा ‘येस्टरडे’ हा झुलू भाषेतील साधा चित्रपटही त्या पाचांत होता, हे विसरून चालणार नाही. ‘श्वास’ कितव्या क्रमांकावर होता, किती थोडक्याने मागे राहिला, याविषयी पुढे बरेच बोलले गेले. अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही. तेव्हा अशा बोलण्याला आधार नाही.

मिरामॅक्सचे नाव वर आलेच आहे, तर थोडे मागे जाऊ. ऑस्करचा प्रचार निवडणुकीसारखा लढण्याची रीत या कंपनीने १९९० च्या दशकात टोकाला नेली. १९९९ च्या समारंभात स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळणार, असे बहुतेकांना वाटत होते. मिळाला मिरामॅक्सच्या ‘शेक्सपिअर इन लव्ह’ला. त्याच रात्री या कंपनीने अमेरिकेत आणलेल्या ‘लाइफ इज ब्युटिफुल’ या इटालियन चित्रपटाने परभाषिक विभाग जिंकला आणि त्याचा नायक रोबेर्तो बेनिनी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. बेनिनी हे त्याआधी अमेरिकेत मुक्काम करून गावोगावी भेटी देत होते. त्यांचे इंग्रजी मोडके होते; पण मोकळेपणाने त्यांनी माणसे जिंकली. हा खर्च व्यर्थ गेला, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही पैसा ओतला की बाहुली मिळतेच, असे नाही. जॉन वेन यांच्या ‘द अलामो’ या चित्रपटासाठी १९६१ मध्ये जाहिरातींचा भडिमार झाला. त्यातील सहायक नट चिल विल्स यांनी स्वतःसाठी स्वतंत्र मोहीम उघडली. अलामोच्या किल्ल्यात मरणाच्या दारी उभे असलेल्या सैनिकांनी जेवढ्या कळवळ्याने प्रार्थना केली असेल, त्याहून अधिक कळवळ्याने हे नटमंडळ त्यांच्या पुरस्कारासाठी प्रार्थना करीत आहे, अशा आशयाची एक जाहिरात छापून आली. वाचणाऱ्यांना किळस आली आणि खुद्द वेन यांना तिचा जाहीर निषेध करावा लागला. चित्रपटाला सात नामांकने होती. हाती एकच पुरस्कार आला, तोही ध्वनीचा. अति केले की हसे होते, ही म्हण अमेरिकेत नसेल, पण तेथील सभासदांना तिचा अर्थ ठाऊक होता.

यावरून पैशाचे नेमके काम कळते. पैसा मत विकत घेत नाही. मतदाराचा वेळ मिळवतो. चित्रपट वाईट असेल तर मिळालेला वेळ त्याच्या विरुद्धच जातो. परंतु चित्रपट चांगला असून वेळच मिळाला नाही, तर त्याचा चांगुलपणा कोणाला कळणार? अन्याय होतो तो येथे, आणि तो दिसत नाही. हरलेल्या चित्रपटाविषयी चर्चा तरी होते. न पाहिलेल्या चित्रपटाविषयी काहीच होत नाही.

‘लगान’च्या वेळी हे भारतीय निर्मात्यांच्या ध्यानात आले होते. आमिर खान आणि दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर हे लॉस एंजेलिसमध्ये तळ ठोकून राहिले आणि खेळामागून खेळ ठेवत गेले. पावणेचार तासांचा, गाण्यांचा आणि क्रिकेटचा चित्रपट त्यांना क्रिकेट न समजणाऱ्यांपुढे मांडायचा होता. २००२ मध्ये त्यास नामांकन मिळाले. पुरस्कार बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ने नेला. ‘मदर इंडिया’ आणि ‘सलाम बॉम्बे’ यांच्यानंतर या विभागातील भारताचे हे तिसरे नामांकन.

२००१ या त्याच वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मात्र ‘लगान’ला मिळाले नाही. ते मिळाले बेंगळुरूचे दिग्दर्शक गिरीश कासारवल्ली यांच्या ‘द्वीप’ या कन्नड चित्रपटाला. धरणाच्या पाण्याने वेढल्या जाणाऱ्या एका छोट्या बेटावर मागे राहिलेल्या कुटुंबाची ती कथा. नायिका सौंदर्या हीच तिची निर्मातीही होती. ‘लगान’ला लोकप्रिय चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. कासारवल्ली यांचे हे चौथे सुवर्णकमळ. ‘घटश्राद्ध’, ‘तबरन कथे’ आणि ‘तायी साहेबा’ यांना ते आधीच मिळाले होते. त्यांपैकी कोणासाठी कधी पानभर जाहिरात द्यावी लागली नाही, कारण तेथे परीक्षक मंडळ मोजक्या माणसांचे असते आणि समोर आलेले चित्रपट पाहणे हेच त्याचे नेमून दिलेले काम असते. परीक्षक मंडळांवरही पक्षपाताचे आरोप होतात, त्यांतील काही खरेही असतील. पण छोट्या चित्रपटाला निदान पडद्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क तेथे आपोआप मिळतो. चार सुवर्णकमळे मिळवणाऱ्या या दिग्दर्शकाचा एकही चित्रपट भारताची ऑस्कर प्रवेशिका म्हणून गेलेला नाही.

मराठीकडे पुन्हा वळायचे तर ‘श्वास’नंतर २००९ मध्ये परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हे चित्रपट भारताची प्रवेशिका म्हणून गेले. दोहोंपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. याउलट ‘आरआरआर’ हा तेलुगू चित्रपट २०२२ मध्ये भारताची अधिकृत प्रवेशिका नव्हताच; तो मान ‘छेल्लो शो’ या गुजराती चित्रपटाला होता. ‘आरआरआर’च्या चमूने स्वतःच्या बळावर सर्वसाधारण विभागांसाठी मोहीम चालवली, अमेरिकेतील चित्रपटगृहांत चित्रपट पुन्हा लावला, दिग्दर्शक राजामौली स्वतः प्रेक्षकांत वावरले. मोहिमेचा खर्च साडेआठ कोटी रुपयांच्या आसपास गेल्याचे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. १२ मार्च २०२३ रोजी ‘नाटू नाटू’ या गाण्याला ऑस्कर मिळाला. गाणे उत्तम होते, यात शंका नाही. त्या वर्षी जगात तितकीच उत्तम आणखी किती गाणी निर्माण झाली, याचा हिशोब कोणाकडेच नाही.

अकादमीने वेळोवेळी नियम कडक केले. मतदारांना भेटवस्तू देण्यास मनाई झाली, मेजवान्यांवर बंधने आली, प्रतिस्पर्धी चित्रपटाची निंदा करण्यास बंदी झाली. परभाषिक विभागाचे नावही २०१९ मध्ये ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ असे झाले आणि सभासदांना घरी बसून चित्रपट पाहण्याची सोय झाली. २०२५ मध्ये आणखी एक नियम जाहीर झाला: अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल, तर त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत. बहुतेक विभागांत तोवर ते सक्तीचे नव्हते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. एकूण खर्चावर मात्र आजही मर्यादा नाही.

मग नाशिकच्या मुलांच्या पणत्यांचे पैसे वाया गेले का? बाहुलीच्या हिशोबाने गेले. पण ज्या काळात मराठी चित्रपटाला चित्रपटगृहे मिळणे कठीण झाले होते, त्या काळात एका मराठी चित्रपटासाठी लोकांनी पदरमोड केली, त्याचे नाव घरोघरी झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत वेगळ्या विषयांवरील मराठी चित्रपटांना निर्माते मिळू लागले, त्यात या चळवळीचा वाटा होता असे मानणे योग्य ठरेल. प्रचार झाला होता अमेरिकेतील मतदारांसाठी. तो पोहोचला महाराष्ट्रातील प्रेक्षकांपर्यंत.

शब्दार्थ

प्रवेशिका – स्पर्धेसाठी पाठवलेली कृती
नामांकन – अंतिम निवडीसाठी नाव निश्चित होणे
न्यास – विश्वस्तांच्या हाती असलेली संस्था
तुटपुंजा – अपुरा, जेमतेम
खटाटोप – धडपड, उपद्व्याप
तळ ठोकणे – एके ठिकाणी मुक्काम करून राहणे
पदरमोड करणे – स्वतःचे पैसे खर्च करणे

पाठगत प्रश्न

१. ‘श्वास’साठी लोकांनी दिलेले पैसे कोणत्या कामासाठी होते?
२. परभाषिक विभागात अंतिम फेरीत मत देण्यासाठी २००४ मध्ये कोणती अट होती?
३. ‘द अलामो’च्या प्रचाराचा उलटा परिणाम का झाला?

स्वाध्याय

१. ‘पैसा मत विकत घेत नाही, मतदाराचा वेळ मिळवतो.’ या विधानाच्या बाजूचे एक आणि विरुद्ध एक उदाहरण पाठातून शोधून लिहा.
२. राष्ट्रीय पुरस्कार आणि ऑस्कर यांच्या निवडपद्धतींतील फरक आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.
३. पाठातील लेखकाच्या कोणत्या एका मताशी तुम्ही सहमत नाही? तुमची कारणे लिहा.
४. तुमच्या गावातील भजन, नाट्य, रांगोळी किंवा क्रीडा स्पर्धेचा निकाल कोण ठरवतो आणि परीक्षक सर्व स्पर्धकांना सारखा वेळ देतात का, याची चौकशी करा. मिळालेली माहिती पत्ररूपाने मित्राला कळवा.