हार्मोन आहे, पण शरीर ऐकत नाही

एखादे मूल वयाच्या मानाने फारच ठेंगणे राहिले, की ‘त्याच्या अंगात वाढीचे हार्मोन कमी असेल’ असे आपण म्हणतो. कधी कधी ते खरेही असते. परंतु काही थोड्या मुलांच्या रक्तात हे हार्मोन भरपूर असूनही त्यांची वाढ होत नाही. हा विकार प्रथम ओळखला गेला तो इस्राएलमध्ये. म्हणून त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

१९५८ साली पेताह तिक्वा येथील बेलिन्सन इस्पितळात डॉ. त्स्वी लारॉन यांच्या पाहण्यात एका येमेनी यहुदी कुटुंबातील तीन भावंडे आली. तिघेही अतिशय ठेंगणी होती. पुढे रक्तातील वाढीचे हार्मोन मोजण्याची सोय झाली, तेव्हा ते कमी नसून उलट फार जास्त असल्याचे आढळले. १९६६ साली डॉ. लारॉन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. या विकाराला आज लारॉन सिंड्रोम म्हणतात.

हे कसे घडते? मुंबईला नोकरीस असलेला मुलगा गावी मनीऑर्डर पाठवतो, असे समजा. गावी ती सही करून घेणारे कोणी नाही, त्यामुळे पोच येत नाही. पोच नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा पैसे पाठवतो, पण घरची चूल काही पेटत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अशीच वाढीचे हार्मोन पाठवीत राहते. ते पकडून घेणारे प्रथिन यकृताच्या व इतर पेशींवर असावे लागते. या मुलांत तेच सदोष असते. त्यामुळे हाडे वाढविणारा ‘आयजीएफ-१’ हा पदार्थ पुरेसा तयार होत नाही. पीयूषिकेला पोच मिळते ती मुख्यतः याच पदार्थाकडून. तीच नसल्याने ती अधिकच हार्मोन सोडते. या मुलांच्या यकृताच्या पेशी हार्मोन पकडत नाहीत हे १९८४ साली दिसून आले, आणि १९८९ साली त्या प्रथिनाच्या जनुकातच दोष सापडला. हे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. या विकारात सामान्यतः दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एकच सदोष असलेले आईबाप स्वतः निरोगी असतात व त्यांना त्याची कल्पनाही नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याचा संभव चारात एक असतो. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब मात्र नाही. दर खेपेला संभव तितकाच. तेव्हा ‘आईच्या घराण्यातला दोष’ असे बोलून सुनेला टोचणे हे अज्ञान होय. दोष दोन्ही घरांतून सारखाच येतो.

नात्यात लग्ने झाली की तीच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. मामे-आते भावंडांची लग्ने आपणा मराठी मंडळींना काही नवीन नाहीत. इक्वेडोर देशाच्या दक्षिण भागात लारॉन सिंड्रोमची सुमारे शंभर माणसे आहेत. त्यांच्यात आढळणारा जनुकदोष इस्राएलमधील एका मोरोक्कन यहुदी वंशाच्या रुग्णातही मिळाला. स्पेनमधून १४९२ साली हद्दपार झालेल्या यहुद्यांबरोबर तो दोन्हीकडे गेला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

इक्वेडोरमधील या लोकांची २२ वर्षे पाहणी झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्यांच्यात मधुमेह एकालाही नव्हता व कर्करोग एकालाच झाला होता, तोही प्राणघातक नव्हता. त्यांच्या नातेवाइकांत मात्र कर्करोगाचे प्रमाण १७ टक्के व मधुमेहाचे ५ टक्के होते. ज्याला आपण नुसते व्यंग म्हणतो, त्यातून साऱ्या जगाला शिकण्यासारखे काही निघाले.

उपचाराविषयी सांगायचे तर, बाहेरून वाढीचे हार्मोन टोचून येथे उपयोग नाही, कारण ते घेणारेच नाही. त्याऐवजी आयजीएफ-१ ची इंजेक्शने देतात. अमेरिकेत या औषधाला २००५ साली मंजुरी मिळाली. ते टोचल्यावर रक्तातील साखर उतरू शकते, म्हणून मुलाने खाल्ल्यावरच देतात. हाडांची टोके जुळून वाढ थांबली, की उंचीसाठी त्याचा उपयोग होत नाही. उपचाराविना बहुतेकांची उंची साडेचार फुटांच्या आतच राहते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मूल बरोबरीच्या मुलांच्या फार मागे पडत असेल, तर ‘आमच्यात सगळेच ठेंगणे’ म्हणून थांबू नये. कुपत होलिमच्या डॉक्टरांना दाखवावे. नात्यात सोयरीक जुळत असेल, किंवा घराण्यात असा विकार असेल, तर लग्नापूर्वीच जनुकांविषयी सल्ला घ्यावा. त्यात लाज कसली? लपवून ठेवल्याने मुलाची वाढीची वर्षे वाया जातात, आणि ती पुन्हा मिळत नाहीत.